हजार रहस्यांचा साक्षी

महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताच्या भरल्या सभेत उभी राहिलेली शकुंतला राजाला एक गोष्ट सांगते, आणि ती गोष्ट मला आयुष्यभर पुरली आहे. पाप करणाऱ्याला वाटते की आपल्याला कोणी पाहिले नाही. पण सूर्य आणि चंद्र, वारा आणि अग्नी, आकाश, पृथ्वी आणि पाणी, दिवस आणि रात्र, दोन्ही संध्या, यम, धर्म आणि माणसाचे स्वतःचे हृदय हे सारे त्याचे वर्तन जाणून असतात, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. कण्वाच्या आश्रमात झालेल्या त्या गांधर्वविवाहाला एकही माणूस हजर नव्हता, राजा तर सरळ नाकबूल झाला होता, आणि दरबारात तिच्या बाजूने तोंड उघडील असे कोणी नव्हते. तेव्हा त्या एकट्या बाईने पंचमहाभूतांना साक्षीला बोलावले. साधकहो, 'साक्षी' हा शब्द मी पुष्कळ ग्रंथांतून वाचला, कीर्तनांतून ऐकला, पण तो जितका या प्रसंगात उघडा होतो तितका क्वचितच कुठे होतो, कारण इथे तो संकटात सापडलेल्या माणसाच्या गरजेतून आला आहे.

आज या शब्दाच्या निरूपणासाठी मी एका रहस्यकथाकाराचे आयुष्य हाती घेतो आहे. खून, दरोडे, पळवून नेलेल्या मुली आणि बनावट मृत्युपत्रे यांवर ज्याने जन्मभर लिहिले, त्याचा अध्यात्मातल्या शब्दाशी काय संबंध, असे कोणाला वाटेल, तर थोडा धीर धरावा. माणसे ज्या गोष्टी हजारोंच्या संख्येने आणि पुन्हा पुन्हा वाचतात, त्यांत त्यांची एखादी खोल भूक दडलेली असते, आणि भूक खोल असली की तिचा धागा कुठे ना कुठे श्रद्धेला जाऊन मिळतो, असा माझा अनुभव आहे. लोकांनी बाबुराव अर्नाळकर वाचले ते साक्षीच्या भुकेने, हे मला आज सांगायचे आहे.

ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना हे नाव सांगावे लागत नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे पाळण्यातले नाव. 'अर्नाळकर' हे आडनाव वसईकडच्या समुद्रकाठच्या अर्नाळ्याची आठवण देणारे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ९ जूनला त्यांचा जन्म झाला आणि १९९६ साली, नव्वदीच्या घरात, ते गेले. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ छोटेखानी रहस्यकथा पुस्तकरूपाने निघाल्या, अशी नोंद गिनेस बुकाने घेतली. अठ्ठेचाळीस वर्षे, महिन्याला जवळजवळ दोन पुस्तके. झुंजार आणि त्याची विजया, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसे एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांत नातेवाइकांसारखी ओळखीची होती. धनंजय-छोटूच्या जोडीवर इंग्रजीतल्या सेक्स्टन ब्लेक आणि टिंकर यांची सावली आहे, हे जाणकार सांगत आले आहेत आणि ते खरेच आहे. पण सावली परदेशची असली तरी ती पडली मराठी अंगणात, आणि वाचणाऱ्याने तिच्यात शोधला तो आपलाच साक्षी.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पाथरीला रेल्वे नाही. जवळचे स्थानक मानवत रोड, मनमाड-काचीगुडा या जुन्या मीटरगेज मार्गावरचे. तिथे उतरलेले पुस्तकांचे गठ्ठे एसटीच्या टपावरून गावात येत आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या एखाद्या छोट्या दुकानात फळीवर लागत. तिथल्या एका प्रतीचे रूप माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. वर खाकी कागदाचे कव्हर, दाभणाने भोके पाडून सुतळीने शिवलेली पाठ, पहिल्या पानावर जांभळा शिक्का आणि कोपऱ्यात शाईने घातलेला नंबर. पाने इतकी हाताळलेली की कडा कापडासारख्या मऊ झालेल्या. आणि मध्येच एका पानावर एका नावाखाली पेन्सिलीने ओढलेली रेघ आणि समासात दोनच अक्षरे : 'हाच'. कोण्या आधीच्या वाचकाने शेवट पाहिला होता आणि पाहिलेले त्याच्या पोटात राहिले नव्हते. पुढे येणाऱ्या सगळ्यांचा रसभंग झाला हे खरे, पण त्या 'हाच'मध्ये मला साक्षीचा पहिला पदर दिसतो. पाहिले की ते सांगितल्यावाचून राहवत नाही. सत्य ज्याने पाहिले त्याच्यावर ते एक ओझे होऊन बसते, आणि ते उतरवायला त्याला दुसरा माणूस लागतो. न्यायालयात पिंजऱ्यात उभा राहणारा साक्षीदार तो हाच.

पण रहस्यकथेची खरी गंमत, किंबहुना तिचे सारे शास्त्रच, असे आहे की तिच्यात असा साक्षीदार बहुधा नसतो. गुन्हा बंद दाराआड होतो, रात्री होतो, ज्याने पाहिले असते तोच मेलेला असतो. धनंजय येतो तो सगळे आटोपल्यावर. घटना घडली तेव्हा तो तिथे नव्हता, मेलेल्या माणसाला त्याने जिवंतपणी पाहिलेलेही नसते, आणि तरी शेवटच्या प्रकरणात दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून तो अशा रीतीने बोलू लागतो की जणू त्या रात्री तो त्याच खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. हे बळ त्याला मिळते ते वस्तूंकडून. थांबलेले घड्याळ, ओल्या मातीतला बुटाचा ठसा, शेगडीत पुरता न जळालेला कागद, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला उघडलेली खिडकी. आता शकुंतलेची यादी आठवून पाहा. पृथ्वीने ठसा जपून ठेवला, अग्नीने कागदाचा एक कोपरा मागे सोडला, पाण्याने तिसऱ्या दिवशी प्रेत वर आणले. ज्या महाभूतांना तिने साक्षीला बोलावले होते, तीच रहस्यकथेत एकेक करून पुढे येतात आणि आपापली जबानी देतात. माणसाने मात्र ती ऐकायला बसावे लागते. डिटेक्टिव्ह म्हणजे मातीचे आणि राखेचे म्हणणे नीट कान देऊन ऐकणारा माणूस.

अर्वाचीन पोलीसशास्त्राचा पायाही हाच आहे, आणि त्याची एक मोठी वीट आपल्या देशात रचली गेली हे फार थोड्यांना ठाऊक असते. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका करारावर कंत्राटदाराच्या सबंध हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय उभे राहिले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी त्या ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसवले. शकुंतलेच्या यादीत माणसाचे हृदयही होते. आता माणसाचा हातही साक्षी ठरला : ज्या हाताने कृत्य केले तोच कृत्याच्या जागी आपले नाव लिहून जातो. जीव जे करतो त्याची खूण त्याच्या ठायीच उमटते, हा कर्मसिद्धान्त सांगताना आपण जे शब्द वापरतो, ते फार अलंकारिक आहेत असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही.

आमच्या जिल्ह्यातच, गोदेच्या काठी, गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव आहे. तिच्या आयुष्यातली एक कथा ही अगदी सरळ सरळ गुन्ह्याची आणि तपासाची कथा आहे, आणि तरी तिच्याकडे आपण तशा नजरेने पाहत नाही. विठ्ठलाच्या गळ्यातले पदक नाहीसे होते; शोध सुरू होतो; ते सापडते जनीच्या घरी. मुद्देमाल मिळाला, ज्याच्याकडे मिळाला ती दासी, म्हणजे संशयाला सगळ्यांत जवळची. पुरावा पुरा झाला आणि तिला सुळावर चढवायला नेले. खरे काय घडले, देव रात्री आपण होऊन तिच्याकडे आला आणि पदक तिथे विसरून गेला, हे दोघांनाच माहीत : एक ती, जिचे कोणी ऐकत नाही, आणि एक तो, जो बोलत नाही. सुळाचे पाणी झाले अशी कथा आहे. तिच्यातल्या चमत्काराइतकाच मला तिचा न्यायविचार मोठा वाटतो. सारे पुरावे एका बाजूला झुकलेले असतानाही खरे काय ते जाणणारा कोणीतरी असतो, आणि त्या एका जाणण्यावर निरपराध माणूस तग धरतो. रहस्यकथेत ज्याच्यावर आळ येतो असा एक गरीब नोकर, एक अनाथ पुतण्या हमखास असतो. वाचकाचा जीव त्याच्यात अडकलेला असतो, आणि धनंजयने आता यावे, आता यावे म्हणून वाचक पाने उलटीत जातो, ते गुन्हेगाराला फाशी व्हावी यापेक्षा या बिचाऱ्याची साक्ष कोणीतरी द्यावी म्हणून.

इथे मला या मुलखाबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत पाथरी निजामाच्या राज्यात होती. न्यायालयाची भाषा उर्दू. शेताच्या बांधावरून, पाण्यावरून, वाटणीवरून उभा राहिलेला कुणबी मराठीत बोले, त्याची जबानी उर्दूत उतरवली जाई, आणि आपण काय सांगितले म्हणून लिहिले गेले हे न वाचता तो त्याखाली अंगठा उमटवी. सत्य सांगणाऱ्याला आपलेच सत्य कागदावर ओळखता येऊ नये, यापरती साक्षीची परवड नाही. त्या पिढीच्या हाती आणि तिच्या मुलांच्या हाती जेव्हा काळा पहाड पडला, तेव्हा तो नुसता करमणुकीचा विषय राहिला नसणार असे मला फार वाटते. काळा पहाड हा कायद्याच्या दृष्टीने दरोडेखोर. झुंजारही कायद्याच्या कक्षेत मावणारा नव्हे. दोघेही लुटतात ते अशांना, ज्यांची पापे साऱ्या गावाला माहीत आहेत आणि ज्यांच्याविरुद्ध एकही साक्षीदार उभा राहत नाही. सावकार, भेसळवाले, विधवेचा जमीनजुमला गिळणारे प्रतिष्ठित नातलग. न्यायासनाला दिसत नाही ते यांना दिसते, आणि दिसते म्हणून स्वस्थ बसवत नाही. मी कायदा हाती घेण्याचे समर्थन करीत नाही. बाबुरावांच्या वाचकानेही कधी दरोडे घातले नाहीत. पण चांगुलपणाला रात्री तोंड झाकून बाहेर पडावे लागते अशी कल्पना समाजाला इतकी जवळची का वाटली, याचा विचार त्या काळच्या समीक्षकांनी केला असता, तर मराठी माणसाच्या मनाचे एक मोठे दालन त्यांना उघडे मिळाले असते.

आता साक्षीचा आणखी एक पदर. मुंडकोपनिषदातल्या त्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे : एकाच झाडावर बसलेले, एकमेकांचे सखे, एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत स्वतःची जी नावे सांगतात त्यांत 'साक्षी' हे एक आहे. तिथे साक्षी म्हणजे पिंजऱ्यात उभा राहून बोलणारा नव्हे. घडते ते सगळे ज्याच्या प्रकाशात घडते आणि ज्याला त्यातले काहीच चिकटत नाही, तो. हा अर्थ डोळ्यांपुढे ठेवून एका लेखकाकडे पाहा, की ज्याने जवळजवळ पाच दशके दर पंधरवड्याला एक नवे कारस्थान मनात रचले, विषाचे आणि सुऱ्याचे हिशेब केले, खुन्याच्या जागी बसून खुन्यासारखा विचार केला, कारण तसे केल्याशिवाय कथा उभी राहत नाही, आणि पुस्तक पुरे झाले की त्या सगळ्यातून बाहेर येऊन पुढच्या पुस्तकाचे पहिले वाक्य लिहिले. त्यांच्या कथांत दुष्टपणा पुष्कळ आहे, पण त्याचे लाड कुठे नाहीत. खुनाचे वर्णन चवीने केलेले नाही, स्त्रीची विटंबना रंगवलेली नाही; घरातल्या कर्त्या माणसाने वाचून झालेले पुस्तक मुलाच्या हातात निःशंकपणे द्यावे, अशी ती शुद्ध राहिली. खाणाऱ्या पक्ष्याचे सगळे व्यवहार ज्याला नेमके ठाऊक आहेत आणि तरी ज्याची चोच कोरडी आहे, असा हा लेखक.

त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले, त्यांनीही हजारांवर पुस्तके लिहिली. पुण्यात सुहास शिरवळकर आले, दारा बुलंद, फिरोझ इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास घेऊन, आणि पुढे 'दुनियादारी'सारख्या कादंबरीकडे वळले. दोघांचाही वाचक मोठा, दोघांचीही हातोटी स्वतंत्र. पण वाट रुळली होती ती बाबुरावांच्या पायांनी.

इथवर आपण कथेतल्या साक्षीबद्दल बोललो, आणि कथेत ती शेवटच्या पानापर्यंत येऊन पोचतेच. पण आमच्याच भागात असेही घडले आहे की ती फार उशिरा आली. पाथरीहून परभणीकडे निघाले की वाटेत मानवत लागते. कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. १९७२ ते १९७४ या काळात तिथे एकामागून एक मुली आणि स्त्रिया मारल्या गेल्या. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे या लालसेने ते बळी दिले गेले, असा आरोप पुढे न्यायालयासमोर आला. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्यांना बोलावून घ्यावे लागले, ज्यांनी त्याआधी रमण राघवच्या प्रकरणाचा तपास केला होता. त्यांच्या आठवणींच्या आधारे अलीकडे, २०२४ मध्ये, एक मालिकाही निघाली. खटला परभणीच्या सत्र न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काहींना शिक्षा झाली, काही जण पुरावा अपुरा ठरल्याने सुटले.

त्या दिवसांत आमच्याकडच्या आया संध्याकाळी दिवेलागणीच्या आत मुलींना घरात ओढून घेत. आणि त्याच दिवसांत त्याच घरांतून झुंजारची पुस्तके वाचली जात होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. लोक भीतीची चैन करण्यासाठी रहस्यकथा वाचतात, असे जे म्हणतात त्यांनी हा काळ पाहिलेला नाही. खरी भीती दारात उभी होती. तिच्या खुनांना प्रकरणे नव्हती, तिच्यात धनंजय दिवाणखान्यात सगळ्यांना जमवीत नव्हता, आणि कोणी काही पाहिले असलेच तरी ते बोलायला तयार नव्हते, कारण बोलणाऱ्याच्याही घरात मुली होत्या. अशा वेळी शंभर पानांच्या त्या पुस्तकात जे मिळे ते धैर्य होते : जगात केलेले कृत्य उघड होतेच, पाहणारा कोणी ना कोणी असतोच, या जुन्या विश्वासाला रोज संध्याकाळी घातलेले थोडे तेल.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मानवतला जे झाले ते श्रद्धेच्या नावावर खपवले गेले. ती श्रद्धा नव्हतीच. ज्याचा साक्षीवर विश्वास आहे तो पिंपळाखाली कोवळ्या जिवाचे रक्त सांडू शकत नाही, कारण त्या पिंपळालाही डोळे आहेत हे तो जाणतो. ज्याला वाटते की देवाला लाच देता येते आणि रात्रीच्या अंधारात देवाचेही डोळे मिटलेले असतात, तोच असे करू धजतो. महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला तेव्हा पुष्कळ सश्रद्ध माणसांना तो आपल्याविरुद्ध वाटला. मला तो आमच्या बाजूचा वाटला आणि आजही वाटतो.

आता पाथरीविषयी बोलायचे तर साईबाबांविषयी बोलावेच लागते. साई मूळचे पाथरीचे, ही या गावाची श्रद्धा आहे. आपण पाथरीचे, लहानपणीच एका फकिराच्या हाती सोपवले गेलो, असे बाबांनी म्हाळसापतींना सांगितल्याचे साईसाहित्यात येते. विश्वास खेर यांनी १९७० च्या दशकात इथे येऊन शोध घेतला, पुढे जन्मस्थान म्हणून मंदिर उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा झाली तेव्हा शिर्डीने बंद पाळला, कारण बाबांनी आपली जात, गाव, मायबाप कधी उघड केले नाहीत आणि ते तसेच राहू द्यावे, असे शिर्डीकरांचे म्हणणे. दोन गावांचे एकाच महापुरुषावरचे हे प्रेम आहे. त्याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला त्यांच्या आयुष्यातला एक वेगळाच प्रसंग इथे आणायचा आहे, कारण त्यात चोरी आहे, चोर आहे, न्यायालय आहे, आणि साक्षीदार म्हणून प्रत्यक्ष साई आहेत.

एक माणूस चोरीच्या दागिन्यांसह पकडला गेला आणि हे दागिने मला शिर्डीच्या साईबाबांनी दिले, असे त्याने सांगितले. धुळ्याच्या न्यायालयाने बाबांना साक्षीला बोलावले; भक्तांनी विनवण्या केल्या तेव्हा त्यांची जबानी घ्यायला न्यायालयाचा अधिकारीच शिर्डीला आला. नाव विचारल्यावर बाबांनी लोक आपल्याला साईबाबा म्हणतात एवढेच सांगितले, आणि वडिलांचे नाव विचारल्यावरही तेच. गुरू वेंकुसा, पंथ कबीराचा, वय लाखो वर्षांचे. आरोपीला ओळखता का, तर हो, ओळखतो, आणि सगळ्यांनाच ओळखतो. दागिने तुम्ही दिले का, तर देणारा कोण आणि घेणारा कोण, अशा अर्थाचा उलट प्रश्न. अधिकारी चक्रावला. मग गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारे दप्तर पाहिले गेले, त्यात त्या माणसाचे नाव नव्हते. बाबा तर शिर्डी सोडून जात नसत. तेव्हा त्याने सांगितलेली हकिगत खोटी ठरली.

हा प्रसंग मी जितका मनात घोळवतो तितका तो अधिक खोल होत जातो. न्यायालयाला हवा होता साक्षीदार, म्हणजे ज्याचे नाव, गाव, वय, धर्म कागदावर मांडता येईल आणि ज्याने अमुक वेळी अमुक पाहिले एवढेच जो सांगेल, असा माणूस. आणि समोर बसला होता साक्षी, ज्याच्या नजरेत चोर आणि साव वेगळे नाहीत, ज्याला सगळेच ओळखीचे आहेत आणि ज्याला स्वतःचे नाव मात्र लोकांकडून उसने घ्यावे लागते. दोघांची भाषा जुळेना. म्हणून काम गावच्या दप्तरावर गेले आणि दप्तराने ते चोख बजावले. म्हणजे जगाचा न्याय जगाच्या साधनांनीच झाला, त्याला चमत्काराची गरज लागली नाही, आणि साक्षी होता तिथेच राहिला, कोणाविरुद्धही न झुकता. त्या जबानीत बाबांनी ज्यांना गुरू म्हटले, ते वेंकुसा सेलूचे, असे आमच्या जिल्ह्यातले भाविक मानतात. सेलू इथून जवळच. आपले गाव ज्यांनी चारचौघांत उघड केले नाही, त्यांनी गुरूचे नाव मात्र कोर्टाच्या कागदावर नोंदवू दिले, हे मला पाथरीकर म्हणून फार मोलाचे वाटते.

बाबुरावांकडे परत वळताना माझ्या मनात हाच विचार आहे. साक्षीला स्वतःचे नाव लागत नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण या नावाने त्यांना ओळखणारे वाचक हजारात एखादा सापडेल. लोकांनी झुंजारला ओळखले, काळ्या पहाडाला ओळखले, आणि मग त्यांच्यामागच्या लेखकाला. त्यांनी आयुष्यभर इतरांच्या कृत्यांची साक्ष दिली. त्यांच्या कृत्याची साक्ष मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने फार हात आखडून दिली. ज्या पिढीने वाचनाची पहिली गोडी त्यांच्याकडून घेतली, जिने पुढे ज्ञानेश्वरी वाचली, तुकोबा वाचले, खांडेकर आणि पेंडसे वाचले, तिने मोठेपणी त्यांचे नाव चारचौघांत घ्यायला संकोच केला. अक्षर लागल्यावर माणूस पुढे काय वाचील हे कोणी सांगू शकत नाही, पण रात्री कंदिलाच्या उजेडात, आईच्या हाका कानाआड करून, एका बैठकीत शंभर पाने संपवण्याची सवय ज्याने लावली, त्याचे ऋण त्या सगळ्या ग्रंथांच्या आधी येते. हे मला आज, या वयात, मोकळेपणाने सांगावेसे वाटते.

ती पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली होती, हातोहात फिरून झिजली, पावसात भिजली, रद्दीत गेली. पाथरीत, मानवतला, सेलूला, सोनपेठला अजूनही एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, लग्नाच्या भांड्यांच्या पेटीत किंवा वडिलांच्या ट्रंकेत चार-दोन प्रती असतील. वाचकहो, त्या सापडल्या तर टाकू नका. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या, आत कोणाचे नाव, कोणाचा शिक्का आहे ते पुसू नका, आणि कव्हर फाटलेले असले, मधली पाने सुटलेली असली, समासात कोणी काही लिहून ठेवलेले असले, तरी तशाच द्या.